मापटे, तराजू आणि मोल

सोलापूरच्या आमच्या शाळेत माझ्या वर्गातली निम्मी मुले मागवाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या घरची होती. घरी तेलुगू, गल्लीत सोलापुरी आणि वर्गात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या आम्हा मुलांना नववीत ‘मोल’ हा शब्द भेटला, तेव्हा तो चौथ्याच कुठल्या तरी भाषेतला वाटला. विज्ञानाच्या सरांनी मात्र त्या तासाला फळ्यावर एकही सूत्र लिहिले नाही. त्यांनी घरून ज्वारी मोजायचे पितळी मापटे आणले होते. ते आधी ज्वारीने आणि मग सुक्या मिरच्यांनी भरून त्यांनी दोन्ही वेळा प्रयोगशाळेच्या तराजूत तोलायला लावले. माप तेच असूनही वजनात एवढा फरक का, याचे उत्तर म्हणजे घनता, हे आम्हाला व्याख्येच्या आधी डोळ्यांनी दिसले. मग सरांनी विचारले, “आता ज्वारीचे दाणे किती, ते सांगा.” मोजत कोण बसणार? शंभर दाण्यांचे वजन काढून एकूण वजनाला त्याने भाग द्यायचा आणि उत्तराला शंभराने गुणायचे, ही युक्ती आमच्यातल्याच एकाने सांगितली, आणि सर म्हणाले की रसायनशास्त्रज्ञ रेणूंच्या बाबतीत हेच करतात.

नंतर मोजपात्रात १८ मिलिलिटर पाणी घेऊन ते वर्गभर फिरवण्यात आले. पाण्याची घनता मिलिलिटरला १ ग्रॅम, म्हणून हे १८ ग्रॅम. रेणुवस्तुमानाचा आकडा जेवढा, तेवढे ग्रॅम म्हणजे एक मोल. पाण्याचे रेणुवस्तुमान १८, म्हणून हा एक मोल, म्हणजे सुमारे ६.०२२ × १०²³ रेणू. दोन घोटांत संपेल एवढ्या पाण्यात एवढी मोठी संख्या मावते, हे मला आजही पुरते पचलेले नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ४० अंशांना ही घनता ०.९९२ पर्यंत उतरते आणि तेच १८ मिलिलिटर पाणी १७.८६ ग्रॅम भरते, हेही सरांनी सांगून ठेवले होते. पण शाळेच्या तराजूला एवढा फरक कळत नाही, अशी पुस्ती त्यांनीच जोडली. उत्तरापुढे एकक लिहिले नाही, तर गणित बरोबर असूनही ते शून्य गुण देत, आणि याचा मला फार राग येई.

पुढे मी टॉवेलच्या एका डाय हाऊसमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात, उमेदवारीला लागलो. कापडातला कॉस्टिक सोडा हा अल्क गंधकाम्लाने मारायचा, म्हणजे उदासीन करायचा होता. हिशेब मीच केला. कॉस्टिकचे रेणुवस्तुमान ४०, म्हणून १ किलो कॉस्टिक म्हणजे १००० भागिले ४०, अर्थात २५ मोल. गंधकाम्लाचा एक रेणू कॉस्टिकच्या दोन रेणूंना पुरतो, म्हणून आम्ल १२.५ मोल, आणि त्याचे रेणुवस्तुमान ९८, म्हणजे १२२५ ग्रॅम. बाजारातले आम्ल ९८ टक्के असल्याने ते घ्यायचे १२५० ग्रॅम. इथवर सारे बरोबर होते. मी चिठ्ठीवर ‘१२५०’ एवढेच लिहिले. मदतनिसाच्या हातात लिटरचा जग होता, त्याने १२५० मिलिलिटर मोजून पाण्यात सोडले. या आम्लाची घनता १.८४, त्यामुळे प्रत्यक्षात २३०० ग्रॅम आम्ल पडले. मापाने लागणार होते ते जेमतेम ६८० मिलिलिटर. उरलेल्या आम्लाने सूत खाल्ले. वाळवून काढलेला टॉवेल दोन्ही हातांनी ताणला, तर जुन्या धोतरासारखा टरकन फाटला. चूक मदतनिसाची नव्हती, तरी बोलणी आधी त्यालाच बसली आणि मी काही वेळ गप्प राहिलो, ही गोष्ट इथे नोंदवणे भाग आहे.

त्या वर्षी संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या जत्रेत, सर भेटले, तेव्हा मी हे सारे त्यांना सांगितले. आता ते एककावरून सुनावतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी खिशातले पेन काढले, शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर माझा हिशेब पहिल्यापासून मांडला, ६८० या आकड्याशी थांबले आणि म्हणाले, “अरे, कॉस्टिक हवेतला ओलावा ओढून घेतं. तुझी गोणी किती दिवस उघडी होती? त्या एका किलोत कॉस्टिक किती आणि पाणी किती, हे कोणी पाहिलं?”

कोणीच पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर मी आधी गोणीचे तोंड सुतळीने घट्ट बांधले आणि मग कॉस्टिक खरोखर किती आहे ते तपासायला ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी, धुवायला घेतले.