स्पर्धा सुटल्यावर टेबल बसवायला शिकलो. सगळं अडलं सांध्यावर

स्पर्धा सुटली की पूल (बिलियर्ड्ससारखा, खिसे असलेल्या टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्यापुढच्या वाटा ठरलेल्या: शिकवणी, समालोचन, क्यूची म्हणजे खेळायच्या काठीची दुरुस्ती. 2003 चं यूएस ओपन नाइन-बॉल (पूलचाच एक प्रकार) जिंकलेला जेरेमी जोन्स समालोचनात रुळला, अमेरिका विरुद्ध युरोप अशा मोस्कोनी कपमध्ये अमेरिकी संघाचा कप्तानही झाला. पण अशा खुर्च्या मोजक्याच. मी टेबल बसवायचं काम धरलं. कापड ताणणं, रेल म्हणजे टेबलाच्या कडा बसवणं लवकर हाताला आलं. जीव खाल्ला तो स्लेटच्या, म्हणजे कापडाखालच्या दगडी फरशीच्या सांध्यांनी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

नऊ फुटी टेबलाची स्लेट बहुतेक वेळा तीन तुकड्यांत येते, म्हणजे सांधे दोन. खेळाडू इथे हमखास चुकतो. टेबल सपाट आहे का ते बघायला बॉल हळू सोडतो आणि कुठे वळतो ते बघत बसतो. बॉलचाच तोल बिघडलेला असेल तर चांगलं सरळ टेबल वाकडं करून ठेवाल. गवंड्याची पाणसळही पुरत नाही. मशिनिस्ट लेव्हल घ्या, फुटामागे 0.005 इंचाचा उतार दाखवणारी.

आधी चौकट पाणसळीत आणा, मग मधली स्लेट, शेवटी टोकाच्या दोन. मधली जमल्याशिवाय टोकाच्यांना हातच लावू नका. कमी पडेल तिथे स्लेट आणि चौकटीच्या मध्ये पातळ लाकडी पाचर. आता खरी कटकट: स्लेट चौकटीला धरणारा स्क्रू आवळला की ती खाली ओढली जाते, आणि दहा मिनिटांपूर्वी मध्यावर असलेला बुडबुडा बाजूला जाऊन बसतो. खाली आधार नसेल तिथला स्क्रू कसायचाच नाही. थोडा इकडचा, थोडा तिकडचा, प्रत्येक वेळी पुन्हा लेव्हल. मग सांध्यावरून नख आडवं फिरवा. अडलं तर पायरी आहे, डोळ्याला दिसो न दिसो.

त्यानंतर सांधा बुजवायला मेण. टॉर्चने स्लेट जरा कोमट करा, नाहीतर ते धरत नाही. थंड होताना मेण आकसतं, म्हणून सांध्याच्या वर येईल इतकं भरा. आणि थांबा! कोमट असताना खरवडलं तर पात्याबरोबर सांध्यातलंही निघतं आणि खळगा पडतो. क्यू हातात असताना सगळा संयम असतो, इथे मात्र हात शिवशिवतात. खरवडून झालं की कण पुसून काढा. टाचणीच्या डोक्याएवढा राहिला तरी ताणलेल्या कापडाखाली उंचवटा होतो आणि हळू बॉल तिथून फिरतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: जुनं टेबल उघडताना स्लेटच्या तुकड्यांवर क्रम आणि दिशा लिहून ठेवा. तुकडे एकमेकांना जुळवून घासलेले असतात. उलटसुलट झाले तर कितीही पाचरी ठोका.

रेलचं थोडक्यात. कुशनचं नाक, म्हणजे रेलच्या रबराची बॉलला लागणारी कड, बॉलच्या व्यासाच्या 63.5 टक्के उंचीवर हवं, एक टक्का इकडेतिकडे. बॉल 57.15 मिलिमीटरचा, म्हणजे साधारण 36.3 मिलिमीटर. नाक खाली गेलं तर जोरात मारलेला बॉल उडतो. रेलवर बॉल आदळून बद्द आवाज आला तर रबराला दोष देण्याआधी बोल्ट कसून बघा.

बसवलेलं टेबल सरकवायचं नाही, हे मालकाला निघताना सांगाच. वीतभर ढकललं तरी सांध्यातलं मेण तडकू शकतं, आणि मग कापड काढण्यापासून सगळं पुन्हा.