सारायेव्हो: वेढ्यात वाढलेल्या बाईंबरोबर एक दिवस

आपल्याकडे वेढा म्हटला की पन्हाळा आठवतो. गड वर, सिद्दी जौहर खाली. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो, तिचा वेढा उलटा होता: शहर खाली आणि तोफा वर. जाण्याआधी मी याबद्दल बरंच वाचलं होतं, पण खरं उमगलं ते बुरुजावर उभं राहिल्यावर. म्हणून जाणाऱ्यांना पहिली सूचना हीच, की दिवसाची सुरुवात 'झुता ताबिया' या पिवळ्या बुरुजापासून करा. बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेतून कोवाचीच्या गल्लीने वर चढायचं. पंधरा-वीस मिनिटांचा चढ आहे. वाटेत पांढऱ्या दगडांचं कब्रस्तान लागतं. इथले लोक त्यात पुरलेल्यांना 'शेहिद' म्हणतात, शब्द आपलाच. दगडांवरची सालं वाचत गेलं तर १९९२, १९९३, पुन्हा १९९२.

आमच्या वाटाड्या बाई १९९२ मध्ये दहा वर्षांच्या होत्या. त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांनी बुरुजावरून बोट दाखवलं. परातीच्या तळाशी मांडावं तसं शहर, मधून मिल्याच्का नदीची बारीक रेघ आणि परातीच्या काठासारखे चहूकडे डोंगर. त्या म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरातून त्रेबेविचचा डोंगर दिसायचा. म्हणजे त्रेबेविचवरून आमचं स्वयंपाकघर दिसायचं." पुढे बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, म्हणजे १,४२५ दिवस. बोस्नियाने युगोस्लाव्हियातून बाहेर पडायचं ठरवलं आणि बोस्नियन सर्ब सैन्याने डोंगर धरले. २०१२ मध्ये शहराने मुख्य रस्त्यावर मेलेल्यांसाठी ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या होत्या. वेढा घालणाऱ्यांपैकी सेनानी गालिच, राजकीय नेते काराजिच आणि सेनाप्रमुख म्लादिच या तिघांना हेगच्या न्यायालयांनी जन्मठेप दिली. पण बाईंनी एक गोष्ट दोनदा बजावली: "आत अडकलेले फक्त मुसलमान नव्हते. सर्ब होते, क्रोएट होते, ज्यू होते. आमच्या जिन्यात सगळे होते." शहराच्या बचावात पुढे असलेले जनरल योवान दिव्याक स्वतः सर्ब होते. 'मुसलमान विरुद्ध सर्ब' एवढीच मांडणी डोक्यात घेऊन जाल तर या शहरात पावलोपावली अडखळाल.

बुरुजावरून उतरून नदी ओलांडली की बिस्त्रिक भागात बिअरचा जुना लाल कारखाना आहे. बहुतेक पर्यटक फोटो काढून पुढे जातात. आम्ही तिथे तासभर होतो आणि माझ्यासाठी दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ तोच. नळ बंद पडल्यावर या कारखान्याखालच्या झऱ्याचं पाणी शहराने प्यायलं. दूरदूरहून लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे. पाण्याच्या रांगांवरही तोफगोळे पडले. १२ जुलै १९९३ ला दोब्रिन्या भागात अशाच रांगेत बारा माणसं गेली. बाई पाच-पाच लिटरचे दोन कॅन उचलायच्या. भावाने बर्फावरच्या घसरगाडीला बाबागाडीची चाकं लावली होती. त्या दिवशी किती जणांची अंघोळ, भांड्यांचं पाणी संडासात कसं, याचा हिशोब आई ठेवायची. बोलता बोलता त्यांनी तळवा पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर आडवी रेघ ओढली. कॅनची मूठ जिथे रुतायची तिथे.

माझा नवरा लातूरचा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हाच्या टँकरच्या रांगा त्याने पाहिल्यात. दुष्काळ आणि वेढा एक नव्हे, हे तोही जाणून होता, म्हणून फार जपून त्याने ते सांगितलं. बाईंनी लगेच विचारलं, "रांगेत नंबरावरून भांडणं व्हायची?" तो हो म्हणाला. "आमच्याकडेही," त्या म्हणाल्या, आणि तिथून पुढे त्या आमच्याशी वेगळ्याच मोकळेपणाने बोलू लागल्या.

म्हणून सांगते, अशा माणसाबरोबर फिरताना 'कोण मेलं', 'तुम्ही काय पाहिलं' असलं विचारू नका. चूल कशावर पेटायची, शाळा कुठे भरायची, असं विचारा. चुलीत बागेतली झाडं गेली, मग फर्निचर, मग बूट. शाळा तळघरात भरायची. मी एकदा घाईने "वडील?" असं विचारलं. त्यांनी ऐकलं आणि विषय बदलला. ते अजून मला टोचतं.

विमानतळाजवळचा बोगदा मात्र चुकवू नका. धावपट्टी संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात होती, ती उघड्यावर ओलांडताना माणसं मारली जात. मार्च ते जुलै १९९३ मध्ये तिच्या खालून वेढ्यातल्या दोब्रिन्यापासून पलीकडच्या मोकळ्या बुत्मिरपर्यंत ८०० मीटरचा बोगदा दोन्ही बाजूंनी खणला. उंची साधारण १.६ मीटर, रुंदी मीटरभर. अन्न, औषधं, शस्त्रं, जखमी, सगळं त्यातून. आज एका घराखालचा वीसेक मीटरचा तुकडा चालता येतो. तेवढ्यातही वाकून मान भरून येते. बाई आत आल्या नाहीत. "तुम्ही जाऊन या," म्हणाल्या आणि अंगणात बाकावर बसल्या. त्यांची आई एकदा यातून गेली होती आणि पाठीवर बटाटे घेऊन गुडघाभर पाण्यातून परत आली होती. तुमच्या वाटाड्याने कुठे थांबायचं ठरवलं तर आग्रह करू नका.

जायला बाश्चार्शियाहून तीन नंबरची ट्राम शेवटपर्यंत, म्हणजे इलिजापर्यंत, आणि पुढे टॅक्सी. ही ट्राम 'स्नायपर गल्ली' म्हणून बदनाम झालेल्या हमरस्त्यानेच जाते. खिडकीची जागा पकडा, तेव्हाचं पिवळं हॉलिडे इन हॉटेल दिसेल. वार्ताहर युद्धभर तिथेच राहायचे.

मध्यवस्तीत चालताना पायाखाली लक्ष ठेवा. तोफगोळ्याचा खड्डा आणि भोवती उडालेले ओरखडे, त्यांत लाल राळ ओतलेली. यांना 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. काही इतके झिजलेत की लाल रंग फक्त खाचांत उरलाय. बाई बोलण्याच्या भरात होत्या, तरी प्रत्येक गुलाबाला वळसा घालून गेल्या, एकदाही खाली न बघता. मार्काले मंडईत ५ फेब्रुवारी १९९४ ला एका गोळ्याने ६८ माणसं मारली. मागच्या भिंतीवर नावं आहेत आणि समोर टोमॅटो, कांद्याची पात, चेरी. बाईंनी तिथे घरची भाजी घेतली. दुकानाला इथे 'दुचान' म्हणतात, साखरेला 'शेचेर', चहाला 'चाय'. तुर्कांमार्फत आलेले हे शब्द ऐकून फार जवळचं वाटतं.

जाता जाता एक. १९९२ मध्ये इथे आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे पहिले प्रमुख होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. बाईंना नाव आठवत होतं. त्या सेनेबद्दल त्यांच्या मनात राग आहे, आणि तो मी ऐकून घेतला.

थोडं कामाचं. मुंबईहून थेट विमान नाही, आम्ही इस्तंबूलमार्गे गेलो. बोस्निया शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे व्हिसाचा नियम निघण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या. चलन 'मार्क', एका युरोला साधारण १.९५. वाटाड्याचे पैसे रोख द्यावेत. वाटाड्या निवडताना एकच विचारा: वेढ्यात तुम्ही शहरात होता का? शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं, इथे 'बुरेक' या भाजलेल्या गुंडाळीत खिमाच असतो. चीजची हवी तर 'सिर्नित्सा', पालक-चीजची 'झेल्यानित्सा', बटाट्याची 'क्रोम्पिरुशा' मागा. त्रेबेविचवर २०१८ पासून पुन्हा रोपवे सुरू झालाय. वर १९८४ च्या ऑलिम्पिकमधली, बर्फावरच्या बॉबस्ले गाड्यांची घसरण पडून आहे. पण मळलेली वाट सोडून रानात शिरू नका, बोस्नियात अजून भूसुरुंग आहेत.

युद्धातल्या बालपणाचं संग्रहालय त्याच दिवशी घुसवू नका. खेळणी, वह्या, कपडे आणि शेजारी मालकांनी लिहिलेल्या चार ओळी, एवढंच आहे, पण दिवसभर ऐकल्यावर मन तेवढं राहत नाही. आम्ही दुसऱ्या सकाळी गेलो. बाई दुपारी कॉफीला आल्या. तांब्याच्या जेझ्वेतून ओतलेली कॉफी, साखरेचा खडा तिच्यात बुडवून आधी तो चोखायचा, हे त्यांनीच शिकवलं. त्या तासात युद्धाचा शब्द निघाला नाही. लातूरला आता नळाला रोज पाणी येतं का, एवढं मात्र त्यांनी विचारलं.