व्हिएन्नात झुल्त्सरला कोण विचारतो?

व्हिएन्नाच्या मुख्य चौकात मोझार्टचा विग आणि जरीचा कोट चढवलेली पोरं मैफलींची तिकिटं खपवायला पर्यटकांना अक्षरशः अडवतात. उन्हाने त्यांच्या कपाळावरून घाम निथळत असतो, आणि तिकिटाचा दर गिऱ्हाईक बघून ठरतो अशी माझी पक्की शंका आहे. वैतागून एकाला विचारलं, "झुल्त्सरचं काही आहे का?" त्याने हातातला कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "स्ट्राउस चालेल?"

सालोमोन झुल्त्सर १८२६ मध्ये या शहरातल्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा, हझान झाला. हझान म्हणजे प्रार्थना गाऊन पुढे नेणारा. ज्यू धर्माशी काडीचा संबंध नसलेली माणसंही त्याला ऐकायला यायची. संगीतकार फ्रान्झ लिस्ट येऊन गेला आणि भारावून लिहून गेला. व्हिएन्नाचाच संगीतकार शुबर्ट, त्याने तर १८२८ मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, झुल्त्सरसाठी बायबलमधल्या ९२ व्या स्तोत्राला चाल लावली, तीही थेट हिब्रू शब्दांवर.

सॅल्झबर्ग, राजवाडे, सफरचंदाचं ते जगप्रसिद्ध गोड प्रकरण, सगळं झालं. फोटो नवऱ्याकडे आहेत.

झुल्त्सरचं सिनेगॉग, श्टाटटेम्पल, बाहेरून दिसतच नाही. झाइटनश्टेटनगासे नावाच्या दगडी फरसबंदीच्या गल्लीत समोर पोलीस उभा नसता तर आम्ही सरळ पुढे गेलो असतो. दिसते ती चारचौघांसारखी राहती इमारत. त्या काळी रस्त्याकडे तोंड करून उभं राहण्याचा हक्क फक्त कॅथलिक चर्चला होता, म्हणून योझेफ कोर्नहॉइझेल या वास्तुकाराने देऊळ घरांच्या पोटात बांधलं. त्याच अपमानाने पुढे ते वाचवलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी शहरातली बाकीची सिनेगॉग उद्ध्वस्त केली, इथे मात्र आग लावली नाही, कारण शेजारची घरं पेटली असती. आत मोडतोड केली ती केलीच. १९८१ मध्येही इथे दहशतवादी हल्ला होऊन दोघं गेले. त्यामुळे पासपोर्ट दाखवताना, बॅग उपसून दाखवताना मी एरवीसारखी कुरकुर केली नाही.

आत गेलो आणि मान वर गेली. लंबगोल सभागृह, कडेने बारा खांब, स्त्रियांसाठी एकावर एक दोन सज्जे, घुमट आभाळी निळा आणि त्यावर सोनेरी तारे. कोर्नहॉइझेलने नाटकगृहंही बांधली होती, ते इथे लपत नाही. कोणत्याही बाकावर बसा, नजर समोरच जाते. गाणाऱ्याला याहून काय हवं?

आता माझी तक्रार. झुल्त्सरच्या आधी हझानच्या बाजूला दोन साथीदार असत, एक खर्जातला आणि एक कोवळ्या आवाजाचा पोरगा. मुख्य गायक मोकळा सुटायचा, हरकती घ्यायचा, शब्द घोळवायचा, आणि साथीदार आपल्याकडे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांसारखे मागून सूर धरायचे. झुल्त्सरला हा पसारा वाटला. जुन्या चाली त्याने टाकल्या नाहीत, पण घासूनपुसून, चार आवाजांच्या कोरसमध्ये नीट बसवल्या आणि 'शीर त्सिओन' नावाने छापल्या. त्यातल्या काही रचना तर त्याने ख्रिस्ती संगीतकारांकडूनही करून घेतल्या. देखणं काम आहे. पण आलापीवर वाढलेल्या माझ्या कानाला ते फार इस्त्रीचं वाटतं.

आदल्या रात्री हॉटेलात हे सगळं तावातावाने सांगत होते, तर नवरा म्हणाला, "अगं, आपल्या बेने इस्रायलींनी तरी काय केलं? बायबलच्या गोष्टींची मराठीत कीर्तनंच केली ना?" खरंच होतं. कोकणातल्या ज्यू माणसाला शेजारी कीर्तनकार मिळाला, व्हिएन्नातल्याला शुबर्ट. मी मुकाट्याने इयरफोन लावून ते ९२ वं स्तोत्र पुन्हा ऐकलं. कोरस थांबतो आणि एकटा बॅरिटोन, म्हणजे भारदस्त पुरुषी आवाज, हिब्रू शब्द घेऊन वर चढतो, तेवढ्या ओळींसाठी मी झुल्त्सरला सगळी इस्त्री माफ केली. म्हणजे, जवळजवळ सगळी.

मग माझ्याच हट्टाने होहेनेम्स. ऑस्ट्रियाच्या पार पश्चिम टोकाला, स्वित्झर्लंडला खेटून. दिवस गेला ट्रेनमध्ये, आणि नवऱ्याने तो अजून विसरू दिलेला नाही. झुल्त्सर इथे १८०४ मध्ये जन्मला. लहानपणी पाण्यात बुडता बुडता वाचला आणि आईने त्याला देवाच्या कामाला वाहण्याचा नवस केला, असं सांगतात. त्याच्या लहानपणीचं सिनेगॉग अजून उभं आहे, पण १९५० च्या दशकात त्याचं अग्निशमन केंद्र झालं होतं. जिथे प्रार्थना व्हायची तिथे अनेक वर्षं बंब उभे राहायचे. आता डागडुजी करून त्याला 'सालोमोन झुल्त्सर झाल' (झाल म्हणजे सभागृह) असं नाव दिलंय. गावातलं ज्यू संग्रहालय छोटं आणि उत्तम आहे, घाई करू नका.

आणि एवढ्याशा या गावात शुबर्टचं संग्रहालयसुद्धा! शुबर्टच्या नावाचा मोठा महोत्सवही १९७६ मध्ये इथेच सुरू झाला. माझ्या माहितीप्रमाणे शुबर्टने इथे कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. असो, मला शुबर्टचं वावडं नाही. ते हिब्रू स्तोत्र कुणी त्या जुन्या बंबखान्यात गाणार असेल तर सांगा. तिकीट कितीही महाग असो, मी येईन. नवऱ्याचं तुम्ही बघा.