एकाच खांबाची तीन मापं

पातळ, म्हणजे फिकट उतरलेली, निगेटिव्ह घेऊन कुणी माझ्या कॅमेरे दुरुस्तीच्या दुकानात आलं की मी आधी फिल्मच्या धुलाईची चौकशी करतो. डेव्हलपर, म्हणजे धुण्याचं रसायन, थकलेलं असतं, नाहीतर वेळ कमी पडलेला असतो. या मॅडम मात्र त्याच्या पुढची तयारी करून आल्या होत्या. पुण्यातल्या जुन्या वाड्यांची मोजमापं घेऊन, फोटो काढून नोंद ठेवणाऱ्या त्या वास्तुविशारद. रोल घरी स्वतः धुतात आणि तारीख, कॅमेरा, उजेड सगळं वहीत लिहितात. त्यांनी टेबलावर तीन जुने फिल्म कॅमेरे ठेवले, कॅनोनेट, याशिका आणि ऑलिंपस, आणि वही माझ्याकडे सरकवली. "काका, कॅनोनेटचे सुरुवातीचे रोल पातळ, मधले चांगले आणि आताचे दाट. धुण्याची पद्धत तीच, केमिकल तेच. असं कसं होतं?"

मी कॅनोनेटच्या बुडाचं छोटं झाकण फिरवून सेल काढला. साधा अल्कलाइन होता. त्यांनी तो कधी घातला ते वहीत पाहिलं, तर पातळ रोलांची सुरुवात त्याच आठवड्यातली.

कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री १९७२चा. त्याचं उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं आहे. पाऱ्याच्या सेलचा मोठा गुण म्हणजे तो संपेपर्यंत जवळपास तेवढाच व्होल्टेज देत राहतो, आणि मग एकदम बसतो. त्यामुळे कारखान्याने व्होल्टेज सावरणारं काही आत घातलंच नाही: सेल, कॅडमियम सल्फाइडचा डोळा आणि काटा, बस्स. पारा विषारी म्हणून ते सेल बाजारातून गेले. आता त्याच मापाचा अल्कलाइन मिळतो, तो नवा असताना दीड व्होल्टच्या वर असतो. काट्याला वाटतं उजेड जास्त आहे, कॅमेरा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बारीक करतो, निगेटिव्ह पातळ येते. सेल उतरत जातो तसं माप बरोबर होत जातं आणि पुढे उलट्या बाजूला चुकतं. मॅडमच्या वहीत हा सगळा उतार रोलागणिक उतरला होता. इतक्या वर्षांच्या कामात दोष असा स्वच्छ लिहून आणलेला मी पाहिला नव्हता.

माझ्याकडे ठरावीक उजेड देणारी तपासणीची पेटी आहे. कॅनोनेट त्यावर धरला आणि आधी नवा अल्कलाइन घातला. माप जवळजवळ एक स्टॉप चढं, म्हणजे उजेड जवळजवळ दुप्पट दाखवत होतं. मग कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घातला, तो १.४ व्होल्टचा. काटा जागेवर आला. या सेलचा स्टिकर काढला की हवा आत जाते आणि मग वापरा न वापरा, काही आठवड्यांत तो सुकतो. म्हणून मॅडमना विचारून मी कायमचा उपाय केला: बुडाची प्लेट उघडली, सेलच्या खोबणीतून येणारी वायर हिरवी पडली होती ती बदलली आणि तिच्यात एक शॉट्की डायोड डाखला. आता सिल्व्हर ऑक्साइडचा १.५५ व्होल्टचा सेल घालायचा, डायोड त्यातला जादाचा भाग खातो. हा सेलही पाऱ्यासारखाच शेवटपर्यंत सपाट चालतो, म्हणून अल्कलाइनला डायोड लावण्यात काही अर्थ नाही. पुन्हा पेटीवर धरून खात्री केली.

"पण मग यातला ठेवू कुठला?" त्यांनी विचारलं. तिन्ही सांभाळणं त्यांना नको होतं. हे टेबलावर बसून सांगण्यासारखं नव्हतं. त्या दुपारी त्यांना एका वाड्यात जायचंच होतं, मी दुकान पोराच्या हवाली करून सोबत निघालो.

मीटरची परीक्षा घ्यायला वाड्यासारखी जागा नाही. चौकात डोक्यावरचं ऊन, चुन्याची भिंत डोळ्यांना टोचणारी, आणि सोप्यावर सागवानी खांब काळसर तेल पिऊन उभे. मॅडमना हवी होती त्या खांबावरची नक्षी.

याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन पहिला घेतला. एफ/१.७ची लेन्स, अ‍ॅपर्चर आपण द्यायचं आणि शटरचा वेग इलेक्ट्रॉनिक्सने ठरवायचा, तोही टप्प्याटप्प्याने नाही, मधला कुठलाही. पाऱ्याच्या सेलऐवजी अडॅप्टरमध्ये ६ व्होल्टचा सेल घातला तरी याचं माप बिघडत नाही, ही मोठी सोय. फिल्म पुढे सरकवताना 'टक्' आवाज आला, म्हणजे आतला रबराचा तुकडा शाबूत होता. तो झिजला की या कॅमेऱ्याचं सगळं गणित कोसळतं. पण त्याचा डोळा बॉडीवर, व्ह्यूफाइंडरशेजारी. समोरचं सगळं एकत्र पाहतो, भिंतीसकट. वेग किती निघाला ते सांगत नाही. फार हळू असेल तर पिवळा दिवा, उजेड पेलवत नसेल तर लाल. जवळ जाऊन माप घेऊन ते धरून ठेवायचीही सोय नाही. पर्याय एकच: फिल्मच्या संवेदनशीलतेची डायल ४००वरून १००वर आणून दोन स्टॉप जास्त द्यायचे आणि नंतर आठवणीने परत फिरवायची. रस्त्यावर, संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात हा कॅमेरा मला फार आवडतो. या कामाला नाही.

कॅनोनेटमध्ये वेग आपण देतो, अ‍ॅपर्चर तो निवडतो. खांबाजवळ जायचं, बटण अर्धं दाबायचं, काटा तिथे अडकतो; मग मागे येऊन फोटो घ्यायचा. त्याचा डोळा लेन्सच्या कड्यातच असल्याने पिवळा फिल्टर लावला की तो आपोआप हिशेबात येतो, आणि मॅडम काळ्या-पांढऱ्या फिल्मवर पिवळा फिल्टर लावतात. याशिकात ती सूट हाताने द्यावी लागते. कॅनोनेटची उणीव अशी की स्वयंचलित सोडून हाताने अ‍ॅपर्चर लावलं की मीटर बंद. ज्या वेळी स्वतःचा निर्णय घ्यायचा, नेमकं तेव्हाच काही दिसत नाही, हे मला पटत नाही.

मग ऑलिंपस ३५ एसपी. १९६९चा, सात काचांची ४२ मिलिमीटर एफ/१.७ लेन्स, आणि मागच्या बाजूला एक छोटं बटण. ते दाबलं की मीटर फक्त मधल्या लहानशा भागाचं माप घेतं. व्ह्यूफाइंडरमध्ये उजेडाचा आकडा दिसतो आणि हाताने चालवतानाही दिसत राहतो. ४००च्या फिल्मवर, बटण न दाबता आकडा १५ आला. म्हणजे शटरचा वेग १/५०० सेकंद आणि भोक एफ/८. बटण दाबून खांबावर रोखला, आकडा १२. म्हणजे १/१२५ आणि एफ/५.६. तब्बल तीन स्टॉपचा फरक, आणि नक्षी त्या तीन स्टॉपांत बुडत होती.

"मग बारावरच लावू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मीटरला समोरची प्रत्येक वस्तू मधल्या करड्या रंगाची वाटते. सागवान काळसर आहे, ते काळसरच दिसलं पाहिजे. एक स्टॉप परत घ्या, १/२५० आणि एफ/५.६. भिंत थोडी उजळेल, तेवढं काळी-पांढरी फिल्म सांभाळून घेते.

चौकातून माजघरात शिरलो तेव्हा आकडा हळूहळू खाली येताना दिसला. मॅडमना वाटलं मीटर बिघडलं. ती कॅडमियम सल्फाइडची खोड आहे: प्रखर उजेड पाहिलेला डोळा अंधारात रुळायला वेळ घेतो. थोडं थांबायचं, आकडा स्थिरावला की वाचायचा. सेलेनियमला ही खोड नाही आणि सेलही लागत नाही. १९६१च्या पहिल्या कॅनोनेटला लेन्सभोवती सेलेनियमचंच कडं होतं. पण अंधारात त्याला दिसत नाही, आणि एकदा ते मेलं की मला जिवंत करता येत नाही. गिऱ्हाईक हळहळतं, मलाही वाईट वाटतं.

काही दिवसांनी मॅडम निगेटिव्हच्या पट्ट्या घेऊन आल्या. लाइटबॉक्सवर भिंग लावून पाहिलं. खांबावरच्या कमळाच्या पाकळ्या मोजता येत होत्या आणि चुन्याच्या भिंतीवरचे ओघळही जागेवर होते. याशिका त्यांनी भाच्याला दिला. ऑलिंपस ठेवला, आणि त्यातही कॅनोनेटसारखाच डायोड बसवून मागितला. कॅनोनेटचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पिवळ्या फिल्टरपायी तो त्यांच्याकडून सुटत नाही.