चाळीस वेळा ‘जी’

आज अमळनेरात आमच्या छोट्या लघुपट महोत्सवाचा पहिला दिवस पार पडला. पार पडला म्हणजे काय, ढकलला.

थिएटरात डीसीपी, म्हणजे थिएटरसाठी खास बांधलेला सिनेमाचा डिजिटल संच चालतो, पण त्याला खास सर्व्हर लागतो. आमच्याकडे शाळेचा हॉल, लॅपटॉप आणि भाड्याचा प्रोजेक्टर. म्हणून दिग्दर्शकांकडून साधी फाईल मागवली, प्रदर्शनाची परवानगी मेलवर लेखी घेतली. (ही मात्र प्रत्येकाने घ्यावीच.) खिडक्यांना काळा कागद चिकटवताना दुपारचे दोन वाजले. मे महिना. चिकटपट्टी उन्हाने सुटायची, की प्रकाशाची तिरीप थेट पडद्यावर.

पहिला लघुपट सुरू झाला आणि सबटायटल्स दोन सेकंद उशिरा. माणूस बोलून गप्प बसतो, मग त्याचं वाक्य उमटतं. लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवणाऱ्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जी’ची कळ दाबली की सबटायटल पन्नास मिलिसेकंद आधी येतं. म्हणजे चाळीस वेळा! अंधारात मोजत दाबत बसलो, मागून एक आजोबा म्हणाले, “इंटरवल नही शे का भो?”

चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, सव्वीस भरल्या. मला वाईट वाटलं नाही. १९५९ साली भारतातल्या फिल्म सोसायट्यांचा, म्हणजे एकत्र सिनेमे पाहून चर्चा करणाऱ्या मंडळांचा, महासंघ स्थापन झाला, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते. त्या काळच्या सोसायट्यांनीही रिकाम्या खुर्च्या पाहिल्याच असतील.

चर्चा मात्र रंगली. शेतकऱ्यावरच्या लघुपटावर एक काकू म्हणाल्या, “कापूस असा वेचत नाहीत.” संपूर्ण हॉल त्यांच्याकडे वळला, मग त्यांनी हातवारे करून दाखवलंच.

उद्या सकाळी दहाला पुन्हा. चिकटपट्टी दुप्पट आणतोय.