110 च्या पुढे

मी आठवीत या शाळेत आलो तेव्हा गावात सगळ्यांचा एकच प्रश्न, "इंटरनॅशनल म्हंजे दहावी नाही व्हय मग?" आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा, काय असते हे आज्जीला सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला. उलट, आमचं गुऱ्हाळ आहे हे मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात बहुतेक डॉक्टर-बिल्डरांची पोरं, आणि हंगामात माझ्या दप्तराला मळीचा वास यायचा.

नववीतला प्रयोग अगदी साधा होता. पाणी तापवायचं आणि उकळेपर्यंत दर मिनिटाला तापमान टिपायचं. थर्मामीटरची लाल रेघ 98 वर गेली आणि थांबली. बुडबुडे फुटताहेत, वाफ तोंडावर येतेय, पण रेघ काही हलेना. पुस्तकात तर 100. मी मुकाट्यानं तक्त्यात 100 लिहिलं. शेजाऱ्यानं माझं बघून तेच लिहिलं.

आमचे विज्ञानाचे सर वर्गात इंग्रजी आणि कॉरिडॉरमध्ये मराठी बोलायचे. बाहेर थांबवून म्हणाले, "तू काय बघितलंस ते लिहायचं होतं रे. पुस्तकानं काय बघितलं ते पुस्तकात आहेच." खोडरबर वापरू दिला नाही. 100 वर एक आडवी रेघ, शेजारी 98. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब थोडा कमी. दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो. पन्हाळ्याच्या सहलीत सरांनी स्टोव्ह नेला होता. तिथं 97 भरलं, आणि त्याच पाण्याचा चहा आम्ही प्यालो.

तो चहा पिताना माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आमच्या गुळाच्या काहिलीत किती भरत असेल?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरांनी दुसऱ्याच दिवशी एक थर्मामीटर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

आमच्याकडं गूळ करणारे गुळव्या मामा काचेला काहिलीजवळ येऊ देईनात. "फुटली म्हंजे आख्खं आधण वाया, बाळा." शेवटी पाक उतरवायच्या बेतात आला तेव्हा त्यांनी पळीभर बाजूला काढून दिला. मी थर्मामीटर बुडवला. रेघ 100 ओलांडून 110 ला भिडली, तिच्या पुढं आकडेच नव्हते, आणि टक् असा आवाज झाला. पळीतला पाक लाल झाला. मामा काही बोलले नाहीत, पळी नेऊन चुलवाणाच्या पलीकडं ओतून आले. ते न बोलणंच जास्त लागलं.

सोमवारी मी तुकडे घेऊन सरांसमोर उभा. ते ओरडतील म्हणून मी कारण तयार ठेवलं होतं. त्यांनी वही मागितली. "लिही, 110 च्या पुढे. किती पुढे ते माहीत नाही." मग साखर विरघळली की उत्कलनबिंदू का चढतो ते सांगितलं. पाणी आटत जातं, पाक दाट होतो, तसा आकडा वर सरकतो. ब्रेकेज रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात त्यांनी इंग्रजीत एकच शब्द लिहिला, 'जॅगरी'.

आमचा पेपर 6 म्हणजे प्रॅक्टिकलला पर्याय. प्रयोग कागदावरच. तरी सरांनी एकही प्रयोग फळ्यावर उरकला नाही. पोर्शन मागं राहायचा आणि पालकसभेत त्यावरून कुरकुर व्हायची, तेव्हा आमच्या आबांनीही केली होती.

पुढच्या हंगामात शाळेनं 250 अंशांपर्यंतचा थर्मामीटर घेतला. या वेळी मामांनी काहिलीशेजारी उभं राहू दिलं. तीन आधणांना, म्हणजे काहिलीतल्या तीन घाण्यांना, मी पळीतलं तापमान घेतलं: 116, 118, 117. तिसऱ्या वेळी मी डोळा रेघेच्या समोर आणून आकडा वाचत होतो. मामांनी तोवर पाण्यात पाकाची गोळी टाकली, बोटांनी दाबली आणि हाळी दिली, "उतरवा!" आकडा मी त्यानंतर लिहिला.