412 फोटो, 9 कामाचे: दिवाळ्याहून डॉल्फिन ओळखायला
नवमी होती. तिथीची पाऊणपट म्हणजे पावणेसात, तेव्हा पूर्ण भरती. नवी मुंबईच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या नाखव्यांनी हा हिशेब फोनवरच तोंडी केला आणि सव्वासहाला धक्क्यावर बोलावलं. लोकलने येणाऱ्यांनी सीबीडी बेलापूरला उतरून रिक्षा करावी, लांब नाही. भाडं आदल्या दिवशी ठरवा, डिझेल त्यात धरलंय का तेही विचारा. लाइफ जॅकेट मागून घ्या. नाखवा स्वतः घालत नाहीत म्हणून आपणही नको, असं करू नका.

आम्ही चौघे. नुसते डॉल्फिन बघायचे नव्हते, एकेक डॉल्फिन वेगळा ओळखता येईल असे फोटो हवे होते. आपल्या किनाऱ्याजवळचा हम्पबॅक डॉल्फिन पाठीवरच्या मांसल कुबडामुळे कळतो. त्या कुबडावर छोटासा त्रिकोणी पर असतो आणि पराची मागची कड हेच त्याचं आधार कार्ड. आपसातल्या झटापटी, जाळी, बोटीचा पंखा यांनी तिथे खाचा पडतात, आणि मोठी खाच पुन्हा भरून येत नाही. कॅनडाच्या किनाऱ्यावर मायकेल बिग यांनी 1970च्या दशकात किलर व्हेल याच पद्धतीने एकेक करून मोजले. तिथे पराच्या मागचा करडा डागही कामी येतो. हम्पबॅक व्हेलला मात्र शेपटीच्या खालच्या बाजूवरून ओळखतात. ओमानची लुबान नावाची मादी 2017च्या शेवटी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली, ती उपग्रह टॅगमुळे कळली. टॅग कधीतरी गळून पडतो, शेपटीवरची नक्षी राहते.

न्हावा डावीकडे ठेवून बाहेर पडलो. घारापुरीच्या अलीकडे, आठच्या सुमारास, आधी लांब चोच वर आली, मग कुबड, मग पर. तीन होते. मी अर्थातच उडीची वाट बघत बसलो. उडी मारलीही एकाने, फोटोही झकास आला. आणि तो शून्य कामाचा, कारण पर तिरका आणि पाण्याच्या तुषारांत. नाखवा हसले, ‘‘पयलं बघा, मंग फोटू कारा.’’ दोन-तीनदा नुसतं बघितल्यावर लक्षात आलं की पर पाण्याबाहेर जेमतेम सेकंदभर राहतो आणि पुढचा श्वास बहुतेक त्याच दिशेला, थोडा पुढे येतो. कॅमेरा आधीच तिथे रोखून ठेवायचा.

शटर 1/1600 सेकंद, सलग फोटो, 100-400 मिमीची लेन्स. 70-300सुद्धा चालेल. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर पर नुसता काळा ठिपका दिसतो. डॉल्फिन अगदी आडवा, बाजूने हवा. डावी आणि उजवी दोन्ही बाजू घ्या. खाच दोन्हीकडून दिसते, अंगावरचे ओरखडे नाही. खाच नसलेल्यांचेही फोटो काढा, नाहीतर घरी मोजदाद चुकते. एक कळप संपला की स्वतःच्या तळहाताचा फोटो घ्या, म्हणजे पुढच्या कळपाचे फोटो त्यात मिसळत नाहीत. मी विसरलो आणि रात्री दोन तास घड्याळाच्या वेळा जुळवत बसलो.

बोट मागे लावू नका. बाजूने, त्यांच्याच वेगाने, सावकाश न्यायला सांगा. समोर आडवी तर मुळीच नको. डॉल्फिन 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. आणि जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्याकडे किंवा बंदराकडे लेन्स फिरवू नका, उगाच चौकशी मागे लागते.

वाटेत एक काळपट पाठ गुळगुळीत वर आली आणि गेली. फिनलेस पॉर्पस असावा, डॉल्फिनचाच छोटा भाऊबंद. त्याला पाठीवर परच नाही, त्यामुळे आमची सगळी विद्या तिथे संपली.

साडेअकरापर्यंत परत फिरा, असं नाखवा सांगत होते. ‘अजून दहा मिनिटं’ मीच तीनदा म्हटलं. नवमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी फार उतरत नाही, असा माझा पुस्तकी तर्क. धक्का समोर दिसत असताना बोट चिखलात बसली ती बसलीच. उन्हात दीड तास, शेवटचं पाणी सगळ्यांनी घोटघोट वाटून घेतलं. पाणी माणशी दोन लिटर न्या.

घरी 412 फोटोंतून 9 निवडले. एकाच्या पराला मागून दोन खाचा होत्या, वरची उथळ, खालची भाकरीचा तुकडा मोडल्यासारखी. मागच्या जानेवारीत मित्राने काढलेल्या फोटोत अगदी तशीच भाकरी! त्याला रात्रीच फोन लावला. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे केले. जुन्या फोटोत टोकाजवळ तिसरी खाच होती, स्पष्ट, खोल. नव्यात तिथे कड सरळ. खाचा वाढू शकतात, कमी होत नाहीत. म्हणजे हा दुसराच.

मित्राला परत फोन करावा लागला. तो झोपला होता.